मीठ सोडा

माझी बायको गेली तेव्हा डॉक्टरनं कागदावर लिहिलं, हृदय बंद पडून मृत्यू. मी त्याला म्हटलं, "मग दुसरं काय बंद पडून मरतं माणूस? कान?" पोरगं चांगलं होतं, रागावलं नाही. म्हणालं, "आबा, लिहावं लागतं." म्हटलं, लिही.

ती दुपारी ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी आतून चहाचं विचारलं. उत्तर नाही. उत्तर न द्यायची तिला सवयच होती, म्हणून मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. थोड्या वेळानं सून बाहेर गेली आणि तिनं हंबरडा फोडला. अर्धी मेथी निवडायची राहिली होती. भेटायला येणारा जो तो सांगे, मरण सोन्यासारखं आलं. एकाला मी म्हटलं, इतकं चांगलं आहे तर तुम्ही घ्या. तो परत आला नाही. बरं झालं, चहा वाचला.

तिचं हृदय बंद पडलं याचं मला नवल वाटलं नाही. ते एवढी वर्षं चाललं याचं वाटलं. कारण ते बंद पाडायचा एक प्रयत्न मी स्वतः करून चुकलो होतो. रोज सकाळी, उपाशीपोटी, एक पेला. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही, लोक हसतात. हसा. आम्हीही हसलो होतो.

तेव्हा आम्ही धुळ्याला होतो. बहात्तरचा दुष्काळ पडायला अजून तीन-चार वर्षं होती. मी एका जीन-प्रेसमध्ये बॉयलरवर होतो. कापसातली सरकी काढायची, रुई दाबून तिच्या गाठी बांधायच्या, असं ते काम. आणि ते सगळं चाले वाफेवर. म्हणजे माझ्यावर. शाळा चौथीपर्यंत, पण बॉयलरचा परवाना खिशात होता. जीनमध्ये दोनच माणसांना कुणी "अरे" म्हणत नसे. एक शेठ आणि दुसरा मी.

सकाळचा भोंगाही माझ्या हातात. आमची सगळी वस्ती त्यावर उठे. बायको म्हणायची, "गावले उठाडनारा दोनच. कोंबडा, आनि मना नवरा. कोंबडाले निदान कापी खाता येस."

ती भडगावकडची, गिरणाकाठची. अंगानं काडी, जिभेनं कोयता. कपाळाला बरेचदा फडकं आवळून बांधलेलं असे. मी समजायचो, रागावली आहे. मग मी विचारायचोच नाही. रागावलेल्या बाईला काय झालं म्हणून विचारणारा मूर्ख असतो, असं आमच्या जीनमधलं शास्त्र होतं.

माझ्या आधी बॉयलरवर जो होता, तो माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठा. पोट सुटलेला, हसरा, तोंडात कायम बिडी. एके दिवशी भर दुपारी फावड्यात कोळसा तसाच राहिला आणि तो खाली बसला. बसला तो आडवा झाला. मी तेव्हा त्याचा मदतनीस. आधी त्याच्याकडे धावलो, मग वर नजर गेली तर पाण्याच्या काचेत पाणी दिसेना. बॉयलरमध्ये पाणी संपलं आणि खाली आग राहिली की काय होतं ते सांगायला सहसा कुणी उरत नाही. मी आग ओढून बाहेर काढली. हात भाजले. तो गेला, बॉयलर राहिला. मला त्याची जागा मिळाली.

शेठ मारवाडी. माणूस वाईट नव्हता, मेलेल्याच्या घरचं त्यानं नीट पाहिलं. पण त्या दिवसापासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. कापसाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यानं गावातल्या एका नव्या डॉक्टरला बोलावलं. आमच्यासमोरच त्याला म्हणाला, "डाक्टरसाब, बॉयलरची दरसाल तपासणी होते. सरकारचा माणूस येतो, हातोडी मारून बघतो. बॉयलरवाल्याला कुणी हातोडी मारून बघितलं का?"

डॉक्टर मुंबईकडचा, तरुण. त्याला हे पटलं. चाळिशीच्या पुढचा प्रत्येक माणूस तपासायचं ठरलं. दिवाळी झाली आणि एका सकाळी अंगणात टेबल लागलं.

प्रत्येकाचा एक कागद. कागदावर पाच खाने. बापाचं मरण, बिडी-तंबाखू, वजन, रक्ताचा दाब, लघवीतली साखर. ज्यात खोट निघेल तिथं फुली. शेठनं आधीच सांगून टाकलं होतं की ज्याच्या कागदावर तीन फुल्या तो बॉयलरजवळ किंवा यंत्रांच्या पट्ट्यांजवळ नको. त्याला गेटवर बसवायचं, कापसाच्या गाड्या मोजायला. गेटवर बसणं म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही. तिथं म्हातारे बसवत. मी बेचाळीस वर्षांचा होतो, भोंगा माझ्या हातात होता, आणि मला गेटवर जायचं नव्हतं.

पहिली अडचण वजनाची. डॉक्टरनं आणलेल्या काट्याची स्प्रिंग आमच्या तिसऱ्या गड्याखाली गेली. मग आम्हाला कापसाच्या मोठ्या काट्यावर उभं केलं. काट्यावर आमचा तोलारी, म्हणजे वजन करणारा माणूस. त्याचा जन्म कापूस तोलण्यात गेलेला. कापसात ओल असते म्हणून वजनातून थोडं कापायचं, त्याला कडता म्हणतात. मी उभा राहिलो तसा तो ओरडला, "ब्याऐंशी! ओल वजा, एक्याऐंशी!"

डॉक्टर म्हणाला, "ओल कसली?"

"माणूस घामानं भिजलेला आहे ना, साहेब."

कोरड्या माणसालाही त्यानं कडता लावलाच. हात वळणावर गेलेला. डॉक्टरनं शेवटी सगळ्यांच्या वजनात एकेक किलो परत घातला. फुली मला तरी बसलीच.

मग बापाचं मरण. "वडील कशानं गेले?"

"वाऱ्यानं."

डॉक्टरनं पेन थांबवलं. "वादळात? अंगावर काही पडलं का?"

"पडलं नाही. अंगावरून वारं गेलं. एक बाजू गेली, तोंड वाकडं झालं, तीन दिवसांनी खलास."

"अहो, लकवा म्हणतोय तो," तोलारी काट्यावरून म्हणाला. दुसरी फुली.

"बिडी किती?"

"माझ्या पैशाची का दुसऱ्याच्या?"

"दोन्ही मिळून."

मी दोन्ही मिळून सांगितल्या. तिसरी फुली. माझं गेट मला तिथंच दिसायला लागलं.

"राग येतो का?"

"आता येऊन राहिला."

लघवीचा खाना तेवढा कोरा राहिला. ते नशीब, कारण तिथंही गोंधळ होता. आमच्या एका फिटरनं रॉकेलची बाटली न धुताच भरून आणली होती. डॉक्टरनं ती दिव्यावर धरायच्या आधी नाकाला लावली म्हणून वाचला. म्हणाला, "हे मला देऊ नका, कंदिलाला द्या."

शेवटी दाब. दंडाला पट्टा, हातात रबराचा गोळा, पेटीत पारा. हे काम मला ओळखीचं वाटलं. दाब, काटा, नळी. मी म्हटलं, आता आपल्या धंद्यातली गोष्ट आली.

"किती?"

"एकशे ऐंशी."

"पौंड?"

"पाऱ्याचा आकडा आहे तो."

"साहेब, माझा बॉयलर शंभरावर चालतो. एकशे वीसवर लाल रेघ. एकशे ऐंशीला तो उडून नाशकात पडेल. तुमचं हे दाबाचं घड्याळ बिघडलं आहे."

डॉक्टर हसला. "घड्याळ बरोबर आहे. तुमच्यावर लाल रेघ कुणी मारली नव्हती, एवढंच." आणि चौथी फुली मारली.

पाचात चार. शेठ बाजूला उभा होता. त्याच्या स्वतःच्या कागदावर दोन निघाल्या होत्या आणि तो डॉक्टरला विनवत होता, "बाकी सगळं लिहा, तूप लिहू नका." माझा कागद त्यानं हातात घेतला आणि माझ्याकडे बघेना. मी त्याला म्हटलं, शेठ, हंगाम तोंडावर आहे, दुसरा परवानावाला आणायला महिना लागेल. ते त्यालाही माहीत होतं. शेवटी डॉक्टर म्हणाला, बाप बदलता येत नाही, वजन हळू उतरतं, पण दाब उतरू शकतो. संक्रांतीनंतर परत बघू. उतरला तर बॉयलर. नाही तर गेट.

"मग काय करू?"

तो मान खाली घालून पुढच्याचा कागद ओढत होता. म्हणाला, "मीठ सोडा. बिडी कमी करा. चला, पुढचा."

घरी जाताना मी विचार करत गेलो, आणि विचार करणारा मी नव्हे, इथंच चुकलं. आमच्या विहिरीचं पाणी जड. बॉयलरच्या आत चुन्यासारखा थर धरे, नळ्या आतून अरुंद होत, मग दाबाचं गणित बिघडे. त्यावर इलाज काय? सोडा. आम्ही पाण्यात धुण्याचा सोडा टाकायचो, थर सुटून यायचा, घाण खालून बाहेर काढायचो. म्हटलं, वा रे डॉक्टर! माझ्या आतल्या नळ्या साफ करायला सांगतो आहे. मीठ आणि सोडा. वय लहान पण धंदा समजतो.

घरात पाऊल टाकलं तशी बायकोनं विचारलं, "काय सांगं डाक्टरनी?"

आता मी तिला आमच्या अहिराणी बोलीत सांगितलं असतं, मीठ सोडी दे, तर पुढचं काही झालंच नसतं. पण माझ्याच डोक्यात थर सुटायचा सोडा बसला होता. शिवाय डॉक्टरकडून आलो होतो, तेव्हा शुद्ध बोललो. "मीठ सोडा."

"मीठ बी आनि सोडा बी?"

"हा."

"भजी फुगाडतस तो सोडा?"

"मग काय कपड्यांचा?"

ती म्हणाली, "मीठनी तहान वाढस. तुमनी तब्येतले..."

"डॉक्टरपेक्षा तू शहाणी का?"

हे वाक्य मी त्या घरात किती वेळा म्हटलं असेल! डॉक्टरच्या जागी कधी मास्तर, कधी शेठ, कधी माझी आई. ती सोड्याची पुडी शोधायला उठली. मग मी तिला फुल्यांचं सांगितलं, तीन झाल्या की गेट, मला चार. ती म्हणाली, "मना नाकले एक फुली नही आनि तुमना कागदले चार." आमच्याकडे नाकातल्या बारीक चमकीलाही फुली म्हणतात. लग्नात कबूल केलेली ती फुली माझ्याच्यानं कधी झाली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. तांब्याभर कोमट पाणी, त्यात चमचाभर मीठ, अर्धा चमचा खायचा सोडा. पितळी पेल्यात ओतून ती माझ्यापुढे धरायची आणि मी भोंग्याला जायच्या आधी घटाघटा प्यायचो. चव विचारू नका. पण त्यानंतर असा ढेकर यायचा की कामगारांच्या लाईनीतली शेवटची खोली जागी व्हायची. शेजारचा भिंतीपलीकडून म्हणायचा, "भाऊ, आज भोंगा लवकर झाला का?" मला वाटे, वाल्व उडाला, दाब गेला. दिवसभर हलकं वाटे. भरीत, भाकरी, ठेचा, पापड, सगळं चालूच होतं, कारण डॉक्टरनं त्याबद्दल काही म्हटलंच नव्हतं. जीनमध्ये मी चार जणांना हाच इलाज सांगितला. देवानं त्यांना आळशी केलं म्हणून ते वाचले.

बायकोला माझं गेट माझ्याइतकंच दिसत होतं. एक दिवस खाडा पडू दिला नाही तिनं. ताप आला होता एकदा तिला, डोक्याला फडकं, डोळे लाल, तरी उठून पेला. मी म्हटलं, राहू दे आज. म्हणाली, "शेठना बॉयलर फुटी तं फुटी, मना नको फुटाले." मी तिचा बॉयलर. एवढं प्रेमाचं ती आयुष्यात दोनदाच बोलली असेल. मी त्यावर ढेकर दिला.

संक्रांत झाली. डॉक्टर आला. पुन्हा पट्टा, पुन्हा पारा. मी छाती काढून बसलो होतो.

"दोनशे पाच," डॉक्टर म्हणाला. पट्टा सोडला, पुन्हा बांधला. पुन्हा तेच. "मी मीठ सोडा म्हटलं होतं. काय केलंत?"

"चालू आहे, साहेब. एक दिवस चुकलो नाही."

"चालू म्हणजे?"

"सकाळी, उपाशीपोटी. एक पेला."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अहिराणीत नाही, चिनीत बोललो. "घरी स्वयंपाक कोण करतं?"

"बायको."

"उद्या त्यांना दवाखान्यात घेऊन या."

बायको आजवर डॉक्टरकडे गेली नव्हती. बाळंतपणं घरीच झाली, बाकी दुखणी फडक्यात. ती नवं लुगडं नेसून आली आणि पिशवीत पितळी पेला, चमचा, मीठ आणि सोड्याची पुडी घेऊन आली. डॉक्टरला माप दाखवायला. टेबलावर मांडलं सगळं. शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, "हा चमचा मिठाचा. अर्धा सोड्याचा. लिंबू मी माझ्या मनानं पिळते. चालेल ना?"

डॉक्टर पेल्याकडे बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतो आहे. तो हसत होता. "अहो, सोडा म्हणजे सोडून द्या! मीठ सोडून द्या! खाऊ नका!"

मी सोड्याच्या पुडीकडे बोट दाखवलं.

"आणि सोडा?" मी विचारलं.

"सोडा सोडा! सोडासुद्धा सोडा!"

बायकोनं माझ्याकडे मान वळवली. सावकाश वळवली. "मी इचारं व्हतं," ती म्हणाली. एवढंच. पण ते चार दिवस पुरलं. मग तिलाही हसू फुटलं, डॉक्टर परत सुरू झाला, कंपाउंडर आत डोकावला, त्याला सांगितल्यावर तोही. माझी बॉयलरची जागा गेली होती आणि त्या खोलीत सगळे पोट धरून हसत होते. मीही हसलो. दुसरं काय करणार होतो?

हसता हसता डॉक्टरनं विचारलं, "पण तांब्याभर पाणी तर पेलाभरच त्यांना का?"

"उरे ते मी प्यायचे," ती म्हणाली.

"तुम्ही? कशाला?"

"मिठाचं पाणी टाकून कसं देणार? मीठ सांडलं की वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं."

हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. डॉक्टरलाही असावं, कारण तो त्यावर हसला नाही. म्हणाला, "हात द्या जरा." बांगड्या वर सारून तिनं हात दिला. पट्टा तिच्या दंडाला दोन वेढे जास्त बसला. गोळा दाबला. पारा चढला. त्यानं नळी कानातून काढली, परत घातली. मग दुसरा हात मागितला. मी पारा बघत होतो. आयुष्य काटे बघण्यात गेलेलं, आकडा मला दिसला. माझ्यापेक्षा वर होता.

"डोकं दुखतं का?"

"रोजच."

"कधीपासून?"

"लग्न झालं तेव्हापासून."

या वेळी कुणी हसलं नाही. तिनं चांगलं वाक्य टाकलं होतं आणि ते वाया गेलं. मी तिच्या कपाळाकडे बघितलं. फडक्याचा वळ होता. कितीतरी वर्षं तो मी रागाचा समजत आलो होतो.

डॉक्टरनं जीनचा एक कोरा कागद काढला. वर "कामगाराचे नाव" छापलेलं होतं, ते खोडलं. वडील? वाऱ्यानं. आई? तीही वाऱ्यानं. दोन्हींना मिळून एक फुली. बिडी? "चुलीचा धूर धरायचा का?" तिनं विचारलं. वजन शेचाळीस, कडता न लावता. साखर नाही. दाबाच्या खान्यात त्यानं फुली मारली ती इतकी दाबून मारली की कागद फाटला.

"बाई, हे थोडंथोडकं नाही. सोड्यानं वाढलं असेल, पण सगळं सोड्याचं नाही. आधीपासूनचं आहे."

ती म्हणाली, "मग यांचं बॉयलरचं कसं?"

"बॉयलर राहू द्या. तुमचं बोलतोय मी."

तिला ते समजेना. तिचं कुणी बोलत असेल हे तिच्या हिशोबातच नव्हतं. रस्त्यानं येताना पाऊण वाट ती माझ्या गेटचीच चिंता करत आली. मग एकदम म्हणाली, "बरं व्हयनं. इतला वरीसमा दोन फुल्या तरी भेटन्यात. नवरानी नही दिन्यात, डाक्टरनी दिन्यात."

मी गेटवर बसलो. जळगावकडून एक परवानावाला आणला, तो माझ्या भोंग्याला हात लावायला लागला. त्याचा भोंगा लांबट, रडका. बायको सकाळी म्हणायची, "कोन मरनं आज?" त्यात तिनं माझी बाजू घेतली असं मी धरायचो. सोडा सुटल्यावर माझा दाब उतरला. पुढच्या हंगामाला डॉक्टरनं मला पुन्हा बॉयलरवर चढवलं, आणि पहिल्या दिवशी मी भोंगा असा दिला की शेठ गादीवरून उठून बाहेर आला.

पण खरं सांगायचं ते हे. मीठ सोडलं तिनं. मी नाही.

दोन भाज्या कोण करणार म्हणून तिनं सगळं रांधणंच आळणी केलं. पोरांना ताटात वरून मीठ. आम्हा दोघांना नाही. लोणचं नाही, पापड नाही. खानदेशात राहून ठेच्यात मीठ नाही, ही काय शिक्षा आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. मी आठ दिवस काढले. नवव्या दिवशी कागदाची पुडी केली, पॅन्टच्या खिशात टाकली आणि जीनमध्ये डबा उघडला की चिमूट मारायला लागलो. घरी ताटावर बसलो की ती पाणी आणायला उठायची, तेवढ्यात इकडं-तिकडं बघून एक चिमूट. चोरासारखं. शेठच्या मिठाला जागलो मी जन्मभर. हिच्या आळण्याला नाही जागता आलं.

ती मात्र एकदा ठरलं म्हणजे ठरलं. माहेरी भडगावला गेली तरी आळणी. भावांनी टिंगल केली, वहिन्यांनी तोंडं मुरडली. लग्नाच्या पंगतीत नुसता भात आणि साखर खाऊन उठायची. डॉक्टर दर काही महिन्यांनी तिचा दाब बघायचा, जीनशी संबंध नसताना, कधी पैसे न घेता. गोळ्या आल्या तशा गोळ्याही घेतल्या. फडकं हळूहळू कमी झालं. पोरं मोठी झाली, जीन बंद पडली, बॉयलर भंगारात गेला, तो डॉक्टर गेला, शेठ गेला, तूप खाऊनच गेला. आम्ही दोघं राहिलो. पाचात चार फुल्यांवाला मी अजून बसलो आहे.

मला वाटायचं तिला माझ्या खिशाचं माहीत नाही. मग पेन्शनीला लागल्यावर कधीतरी एका पावसाळ्यात ती कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "खिसामानं मीठ पाझरस. पुडीमा कसाले ठेवतस? डबीमा ठेवा." आणि तंबाखूची एक जुनी पत्र्याची डबी, घासूनपुसून, माझ्यापुढे ठेवली. किती वर्षं माहीत होतं, हे मी विचारलं नाही. ताटावर बसल्यावर पाणी आणायला ती अजूनही उठायची. आता कळतं, पाणी आधीच भरलेलं असायचं.

दहाव्याला आम्ही पांझरा नदीवर गेलो. गुरुजींनी पिंड मांडला. भाताचा गोळा, आळणी, पिंडात मीठ घालत नाहीत. सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघत उभे राहिले. मला ठाऊक होतं हे कसं चालतं. दोन-दोन तास कावळा येत नाही. मग नातेवाईक हात जोडतात, पोरांकडे बघू, घर सांभाळू, तुमची इच्छा पुरी करू. काय काय कबूल करतात. माझा भाचा म्हणाला, "मामींची काही इच्छा राहिली असेल तर आधीच बोलून टाका." मी मनात म्हटलं, इच्छा एकच असणार. चाळीस वर्षं त्या बाईनं मीठ चाखलं नाही. आता तर दाब नाही, डॉक्टर नाही. मी खिशात हात घातला, डबीचं झाकण अंगठ्यानं सैल केलं. गुरुजी ओरडले असते तर ओरडले असते. ठरवलं होतं, पाच मिनिटं बघायचं आणि पुढं होऊन गोळ्यावर चिमूट टाकायची.

पाच मिनिटं लागलीच नाहीत. आम्ही मागे सरतो तोच एक कावळा उतरला आणि चोच मारून बसला. एक नाही, तीन. भाचा म्हणाला, "बघा, काहीच मागं ठेवलं नाही मामींनी. भाग्यवान." सगळ्यांनी माना डोलवल्या. मला त्या कावळ्यांचा राग आला. जरा तरी थांबायचं. जरा तरी अडून बसायचं. पण ती कशाला अडेल? आळणी भाताची तिला सवय होती.

माझा हात खिशातच राहिला.

डबी अजून आहे. सून चांगली आहे, पण आताच्या डॉक्टरनं तिलाही माझ्याबद्दल सांगून ठेवलं आहे, त्यामुळे ताट आळणीच येतं. मी डबी उघडतो. खोटं कशाला बोलू? उघडतो. पण आधी अजूनही इकडं-तिकडं बघून घेतो.